मदत हवी आहे: दोन टनी पिकअप, बोलेरो मॅक्स, योद्धा की बडा दोस्त?

नमस्कार मंडळी, जुन्नर भागातून टोमॅटो घेऊन माळशेज उतरून वाशी मार्केटला आमची पिकअप जाते, सीझनला जवळजवळ रोजच. वीस किलोचे ८०-९० क्रेट म्हणजे पावणेदोन टन धरा, येताना रिकामे क्रेट.

वडिलांपासून घरात एकाच कंपनीची गाडी, दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं तरी तात्या जेवण सोडायचे. पण मागच्या वर्षी वॉरंटीत असून क्लचचं काम सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बारा दिवस लटकवलं, ऐन तोडणीत भाड्याची गाडी लावली अन् नफा तिकडंच गेला. तेव्हापासून लोगो बघून गाडी घेणं बंद. (कंपनी कुठली ते विचारू नका, उगाच भांडणं होतील.)

आता बोलेरो मॅक्स एचडी २.० अन् टाटा योद्धा २.० दोन्ही दोन टनाच्या, योद्धाचं इंजिन २.२ लिटर १०० एचपी, बोलेरोचं २.५ लिटर पण पॉवर ८० च्या आसपास. लेलँड बडा दोस्त आय४ चं इंजिन १.५ लिटर, तीन सिलिंडर, मायलेजला बरं म्हणतात, पण भरलेली गाडी चढाला दम टाकते का?

कागदावरचं सगळं वाचून झालंय, मला वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय. भरून खरं ॲव्हरेज किती, स्प्रिंगचे पाटे किती दिवसात बसतात, आळेफाटा-नारायणगाव पट्ट्यात पार्ट लगेच मिळतात का, अन् पाच वर्षांनी विकायला काढली तर कुणाला गिऱ्हाईक येतं? तात्यांना मी बघतो.