आगळातले मीठ आणि रक्तदाब : सासऱ्यांची सोलकढी बंद करावी का?

भरतीओहोटी (वेंगुर्ले)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी दरवर्षी मे महिन्यात रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळांचे, दोन बरण्या आगळ (मिठात मुरवून काढलेला रस) घातले जाते आणि ते पुढच्या मेपर्यंत पुरते. माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. ताटात माशाचे कालवण असो वा साधी आमटी, दुपारी शेवटी दोन वाट्या सोलकढी घेतल्याशिवाय त्यांचे जेवण पुरे होत नाही. मागील महिन्यात त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला, गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले. त्याप्रमाणे आम्ही लोणचे, पापड आणि सुकी मासळी ताटातून काढली. परंतु सोलकढीचा विषय निघाला तेव्हा घरात दोन तट पडले.

सासूबाईंचे म्हणणे असे की, कोकम मुळात थंड, पित्तशामक आणि पाचक असल्यामुळे त्यापासून अपाय होणे शक्यच नाही. उलट ते रक्तदाबावरचे औषध आहे, असा एक संदेशही त्यांना मोबाईलवर आला आहे. दीर म्हणतात की आगळ म्हणजे लाल रंगाचे मिठाचे पाणी, ते आजपासून बंद करावे. यंदा आगळात साध्या मिठाऐवजी सैंधव घातले तर चालेल, असाही एक मध्यममार्ग शेजारच्या काकींनी सुचवला आहे. माझी नणंद वजन उतरावे म्हणून कोकमाच्या जातीतल्या फळाच्या अर्काच्या गोळ्या घेते आणि तिने वडिलांसाठीही एक डबी पाठवून दिली आहे; ती मी अद्याप उघडलेली नाही. रातांबे आता पिकू लागले आहेत, त्यामुळे बरणी भरण्यापूर्वी जाणकारांचे मत मिळाले तर उपकार होतील.

देवगडची माहेरवाशीण

ताई, आपण आगळात मीठ किती घालता आणि एका वाटीला आगळ किती वापरता, हे आधी सांगावे. प्रत्येक घरचे प्रमाण वेगळे असते. माझ्या माहेरी आगळ इतके खारट असे की सोलकढीत वरून चिमूटभरही मीठ लागत नसे. सासरी मात्र ते आंबट जास्त आणि खारट कमी असते, आणि त्याला श्रावण संपताच बुरशी धरते, ही गोष्ट वेगळी.

भरतीओहोटी (वेंगुर्ले)

आमच्याकडे बिया काढलेल्या एक किलो सालींना दीडशे ग्रॅम मीठ घालतात. साल आणि मीठ यांचे थर चिनीमातीच्या बरणीत देऊन आठ-दहा दिवस रोज लाकडी डावाने हलवतात व मग सुटलेला रस गाळून घेतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. एका वाटी सोलकढीला पोह्याचा मोठा एक चमचा आगळ लागते, आणि खरे सांगायचे तर सासूबाई वरून थोडे मीठ घालतातच.

रत्नागिरीचा वैद्यकीय व्यावसायिक

आपण प्रमाण दिलेत हे फार बरे केले, कारण या प्रश्नाचे उत्तर कोकमाच्या गुणांत नसून त्या दीडशे ग्रॅममध्ये आहे. एक किलो साल आणि दीडशे ग्रॅम मीठ मिळून साडेअकराशे ग्रॅम होतात. म्हणजे तयार आगळात मीठ सुमारे तेरा टक्के असणार. मोठा चमचा साधारण १५ मिलिलिटरचा धरला तर त्यातून दोन ग्रॅम मीठ पोटात जाते, दोन वाट्यांतून चार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसभराच्या मिठाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. आपल्या सासऱ्यांची ती मर्यादा दुपारच्या सोलकढीतच जवळपास संपते. मग आमटी, भाजी, चहाबरोबरचे फरसाण आणि रात्रीचे जेवण यांचा हिशेब त्यावर चढतो. लोणचे-पापड बंद करून बरणी तशीच ठेवणे म्हणजे पुढचे दार लावून परसदार उघडे टाकणे होय.

सैंधवाविषयी स्पष्टच लिहितो, कारण हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात आढळतो. सैंधव हे खाणीतून निघालेले मीठच आहे आणि त्यातही मुख्य घटक सोडियम क्लोराइड हाच असतो. त्यातल्या इतर खनिजांचे प्रमाण इतके अल्प असते की रक्तदाबाच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. उपवासाला ते चालते, म्हणून रक्तदाबालाही चालेल, असे होत नाही. बाजारात कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ ही आणखी निराळी वस्तू आहे. त्यात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असताना ते घातक ठरू शकते. आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते आणू नये.

सासूबाईंचे म्हणणे मात्र मी सर्वस्वी खोडून काढणार नाही. कोकमाच्या सालीला लाल रंग देणारी अँथोसायनिन ही रंगद्रव्ये आणि त्यातले गार्सिनॉल यांचा प्रयोगशाळेत बराच अभ्यास झाला असून त्यांचे ऑक्सिडीकरणविरोधी गुण तेथे दिसून आले आहेत. तथापि प्रयोगशाळेतल्या नळीत जे दिसते ते दोन वाट्या सोलकढी पिणाऱ्या माणसाच्या रक्तदाबात दिसेलच, असे म्हणता येत नाही आणि चालू असलेली गोळी त्याच्या भरवशावर थांबवणे तर मुळीच योग्य नाही. जड जेवणानंतर आंबट, पातळ, लसूण-मिरचीची चव असलेले पेय घेतल्याने तोंडाला चव येते आणि बरे वाटते, एवढे मी स्वतः रोज अनुभवतो. अंगावर पित्त उठल्यावर आमसुलाचा कोळ लावण्याची पद्धतही आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने गारवा वाटत असेल तर लावावा, परंतु ओठ किंवा चेहरा सुजला अथवा श्वास लागू लागला तर कोळ बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. ज्यांना घशाशी आंबट येऊन छातीत जळजळ होते त्यांचा त्रास मात्र कोकमाने काही वेळा वाढतो, मग त्याला पित्तशामक म्हणा अथवा आणखी काही.

डबी उघडली नाही हे उत्तम केलेत. ती तशीच परत पाठवावी. अशा बहुतेक गोळ्यांत आपले कोकम नसून त्याच्याच कुळातील, केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीचा अर्क असतो आणि त्यातील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लामुळे वजन उतरते, असा दावा केला जातो. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे केलेल्या चाचणीत हा अर्क घेणारे आणि औषध नसलेली नुसती फसवी गोळी घेणारे यांच्या वजनात उल्लेखनीय फरक आढळला नाही. शिवाय अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कालवणातली दोन-तीन सोले आणि अर्क काढून दाबून भरलेली गोळी यांना एकच नाव मिळाले, म्हणून त्या एक होत नाहीत. नणंदबाईंनीही आपल्या डॉक्टरांशी बोलावे, असे मी सुचवेन.

देवगडची माहेरवाशीण

डॉक्टरांचा हिशेब वाचून मी माझी बरणी उघडून पाहिली आणि चमचा परत ठेवला. पण ताई, सोलकढी बंद करण्याची आवश्यकता नाही, आगळ बंद केले तरी पुरते. आमसुले भिजवून सोलकढी करता येते. आमच्या आजीच्या काळी तीच रीत होती, आगळ हे पाहुणे आले की घाई होते म्हणून. चार वाट्यांसाठी आठ-दहा आमसुले घ्यावीत. विकतची असतील तर त्यांवर मिठाचे पांढरे कण दिसतात, म्हणून आधी एकदा पाण्यातून झटकन काढून ते पाणी टाकून द्यावे आणि मग कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करावीत. थोडा रंग त्या पहिल्या पाण्याबरोबर जातो, त्याला इलाज नाही. नारळाच्या दुधात आंबट कमी पडले तर सोलकढी गुलाबी न होता जांभळट दिसते. ती बिघडली असे समजून वरून आगळ ओतण्याचा मोह होतो, तो टाळावा. लसूण, ओली मिरची, जिरे व कोथिंबीर यांचे वाटण जरा सढळ हाताने घातले की मिठाची उणीव चार दिवसांत जाणवेनाशी होते. नारळही कमी करायचा असेल तर नुसती तिवळ करावी, म्हणजे कोकमाच्या पाण्याला जिरे, मिरची आणि कोथिंबीर.

एक सांगायचे राहिले. आगळ नको म्हणून अमृत कोकमाकडे वळू नका. आमच्याकडे त्याला एक किलो सालीस दोन किलो साखर लागते, आणि मोठा पेलाभर सरबत केले तर त्यातून पाच-सहा लहान चमचे साखर सहज जाते.

दापोलीचा कलमवाला

बिनमिठाचे आमसूल घरी करण्याचा विचार असेल तर माझा अनुभव लिहितो. नेहमीच्या आमसुलांत साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवतात आणि त्या रसात मीठ असते. मीठ हे चवीपेक्षा टिकण्यासाठी असते, हे लक्षात घ्यावे. ते काढले की त्याचे काम उन्हाने करावे लागते. म्हणून पहिल्या बहराची, एप्रिल अखेरीची फळेच त्यासाठी राखावीत. मेच्या शेवटी ढग येऊ लागले की बिनमिठाच्या सालीला दोन दिवसांत बुरशी येते आणि सगळी मेहनत उकिरड्यावर जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९७ साली दिलेली ‘कोकण अमृता’ ही जात पावसापूर्वी हाती येते, त्यामुळे माझ्या बागेत तिची कलमे आहेत. कलमांचा दुसरा फायदा असा की कोकमात नर-मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून लावलेल्या रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात. ते कळेपर्यंत सहा-सात वर्षे पाणी घालून झालेले असते.

साल अर्धी न कापता चौघडी कापावी, पातळ पसरावी, रसात बुडवायचे असेल तर तो बिनमिठाचाच घ्यावा आणि संध्याकाळी दव पडण्याआधी आत घ्यावी. पुरती वाळलेली साल वाकवली तर चिवट लागते पण बोटाला ओल लागत नाही. काचेच्या बरणीत भरून ती अंधाऱ्या फडताळात ठेवावी, उजेडात रंग तपकिरी होत जातो. ॲल्युमिनिअमचे किंवा तांब्याचे भांडे वापरू नये. बिया फेकू नयेत, त्यांचे मुठेल, म्हणजे घट्ट गोठणारे तेल, निघते आणि पावसाळ्यात टाचांच्या भेगांना त्यासारखे दुसरे काही नाही.

भरतीओहोटी (वेंगुर्ले)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांचा हिशेब मी मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंनी स्वतः चमचा घेऊन आगळ मोजले आणि काही बोलल्या नाहीत. काल आमसुलाची सोलकढी केली होती. सासऱ्यांनी पहिली वाटी अळणी म्हणून अर्धी ठेवली आणि दुसरी मागून घेतली. यंदा एकच बरणी आगळ घालणार आहोत, पाहुण्यांसाठी. कलमवाले दादा, अंगणात ऊन पुरते पण दुपारी खाऱ्या वाऱ्याने साली दमट होतात. गच्चीवर मच्छरदाणीचे कापड ताणून वाळवल्या तर चालतील का?

दापोलीचा कलमवाला

चालतील, पण कापड सालींना टेकू देऊ नका, वीतभर वर बांधा. आणि सुपाऐवजी बांबूची चटई घ्या, खालूनही वारा लागला पाहिजे.