शाडूवरून रेझिन किटकडे वळायचंय, मास्टर कशात घडवू?

मातीतला: पेणला काकांच्या गणपतीच्या कारखान्यात वाढलो, त्यामुळे शाडूवर हात बसलेला आहे. आता १/६ मापाच्या मूर्तींची, सुटे भाग जोडून रंगवायची रेझिन किट स्वतः करायची आहेत. मास्टर, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा तो मूळ नमुना, शाडूत चालेल का? आणि यावर पोट भरतं का?

साचेवाला: शाडू नको. सुकताना आकसते, एवढ्याशा मनगटाला लगेच तडा जातो. सुपर स्कल्पी ही पॉलिमर माती घ्या; ओव्हनमध्ये १३० अंश सेल्सियसच्या आसपास भाजली की टणक होते. बोटं, तलवार असल्या पातळ जागा इपॉक्सी पुटीत (दोन भाग मळले की घट्ट होते ती) करा. गंधकवालं प्लॅस्टिसिन (तेलमाती) वापरलंत, तर त्यावर साच्याचं प्लॅटिनम सिलिकॉन ओतू नका, मातीला लागलेला थर चिकटच राहतो. टिनवालं सिलिकॉन चालतं.

माती कुठलीही घ्या, पण मास्टर कापून सुटे भाग कुठे करायचे ते घडवायच्या आधी ठरवा. मी सांधा बाहीच्या कडेला, कमरपट्ट्याखाली, केसांच्या बटेमागे लपवतो. उघड्या दंडावर आला, तर किट घेणारा बिचारा पुटी भरून घासत बसतो. सांध्यातली खुंटी चौकोनी ठेवा, गोल असली की हात फिरतो. साच्यात बोटांची टोकं वर आली की तिथे हवा कोंडते आणि बोटं अर्धवट निघतात. टोकापासून हवेला बारीक वाट काढाच.

रत्नांग्री: पावसाळ्यात जपून! साच्यात ओतायच्या पॉलियुरेथेन रेझिनचे दोन भाग असतात; त्यातला आयसोसायनेटवाला भाग दमट हवेत ओलावा धरतो आणि ओतकामात फेस येतो. डबा उघडला की काम झाल्याबरोबर घट्ट बंद करा. कापडी मास्कवर भागवू नका, रसायनाच्या वाफेसाठीचा फिल्टरवाला मास्क लागतो.

मातीतला: आभार दोघांचे. पोटापाण्याचं राहिलं.

साचेवाला: नुसती किट विकून कठीण. सिलिकॉनचा साचा काही डझन नगांत फाटायला लागतो, मग पुन्हा खर्च. जपानात १९८५ पासून वंडर फेस्टिव्हल हा किट आणि फिगरचा मेळा भरतो, हल्ली चिबातल्या माकुहारी मेस्सेत. तिथे हौशी मंडळी पात्राच्या हक्कदाराकडून त्या एका दिवसापुरता परवाना घेऊन किट विकतात, आणि फिगर कंपन्यांची नजर तिथल्या चांगल्या हातांवर असते. पैसा आहे तो दुसऱ्यासाठी मास्टर घडवण्यात. त्यासाठी झेडब्रश हे संगणकावर मूर्ती घडवायचं सॉफ्टवेअरही शिका, बरेच जण आता फाइलच मागतात. आणि परवाना नसेल, तर पात्र स्वतःचंच घ्या.

पहिल्या मूर्तीवर सांधे पेन्सिलीने आखून फोटो टाका. कापायच्या आधी बघून सांगतो.