मदत हवी आहे: टॉवरवर चढायचं नाही हे कधी ठरवता?

मंडळी, ६० मीटरच्या टॉवरवर अँटेनाची कामं करतो. विजेचं गणित पक्कं आहे: वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला, म्हणजे ती साधारण १० किलोमीटरच्या आत, की काम बंद. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुन्हा वर जायचं नाही.

घोळ होतो तो वाऱ्याचा. परवा खाली पानही हलत नव्हतं आणि वर सामान ओढायचा दोर आडवा फडफडत होता, नटावर पाना बसेना. उतरायलाच मला १५ मिनिटं लागतात, त्यामुळे ढग डोक्यावर आल्यावर ठरवून काय उपयोग?

तुम्ही वारा कुठे मोजता, खाली की वर? सरासरी वेग धरता की झोत? आणि साहेब ‘अर्ध्या तासाचं तर काम आहे’ म्हणाले, तर नाही कसं म्हणता?