रस्ता आधी की नळ? इंदूरकरांनो, बोला

रामबागची:
आमच्यासमोरचा रस्ता रुंद होतोय, सिमेंटचा. व्हायलाच हवा होता. पण गेल्या आठवड्यात जेसीबीच्या दातात आमच्या नळाची जोडणी उचकटून आली. नर्मदेचं पाणी आमच्याकडे दिवसाआड. एक पाळी हुकली की चार दिवस बादल्या मोजायच्या. त्यात गंमत बघा, ताज्या सिमेंटवर मातीचे बांध घालून सकाळ-संध्याकाळ टँकरनं पाणी भरतायत. समोर रस्ता न्हातोय आणि घरात सासूबाई तांब्याभर पाण्यात तोंड धुतायत.

माझं म्हणणं एवढंच: खालच्या पाण्याच्या, ड्रेनेजच्या, केबलच्या लाइनी आधी हलवा, तपासा, मगच वर सिमेंट ओता.

साइटवरचा:
वीस वर्षं हेच काम केलंय म्हणून बोलतो. तराई, म्हणजे ताज्या काँक्रीटला पाणी पाजणं, नाही केली तर स्लॅबला भेगा पडतील. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशोबानं मोजतात आणि पहिले १४ दिवस ते ओलं राहिलंच पाहिजे. मग भेगांवर दुसरा धागा तुम्हीच काढाल.

आणि लाइनी आधी हलवा म्हणता, पण त्या आहेत कुठे? जुन्या वस्तीत नकाशा मिळत नाही. ज्या फिटरला पाठ होतं तो रिटायर झाला. मीटरभर खोल असायला हवी ती लाइन वीतभर खाली सापडते, तीही तिरकी. शोधत बसलो तर रस्ता दुप्पट दिवस उघडा राहील. दुखणं एकदाच झालेलं बरं.

निंबोणी:
एकदाच? आमच्या कडुनिंबाची रस्त्याकडची सगळी मुळं जेसीबीनं सपासप कापली. पांढरा काप दिसत होता, त्यावर लगेच मुरूम. झाड आत्ता उभं आहे, पण पहिल्या वादळात कोणत्या बाजूला पडेल ते मला आजच कळतंय. वर बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक! हरित लवादानं २०१३ मध्येच दिल्लीत झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं.

रामबागची:
@साइटवरचा, तराई करू नका असं मी कुठे म्हटलं? पाणी कुठलं, ते विचारतेय. नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर, घाट चढवून आणलेलं नर्मदेचं असेल तर चालणार नाही. इंदूरला २०२१ मध्ये 'वॉटर प्लस'चा मान मिळाला तो सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतो म्हणूनच ना? ते शुद्ध केलेलं पाणी तपासून वापरा.

नकाशा नाही, हेही खरं. मग आठ दिवस आधी हातानं चाचणीचे खड्डे घ्या. २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप आहे: खोदणाऱ्यानं आधी नोंद करायची, खाली ज्याची लाइन आहे त्याला निरोप जातो.

चार फूट गेलेला:
दोघांशीही पटत नाही. रुंदीकरणात माझ्या दुकानाचं तोंड चार फूट गेलं. गिऱ्हाईक फळीवरून तोल सांभाळत येतं. तुमच्या चाचण्यांसाठी आणखी दोन महिने लागले तर मी शटर पाडतो. रात्रपाळी करा, पण उरका.

धुळीवर मात्र कोणीच बोलत नाही. हवेतल्या बारीक धुळीची, पीएम १० ची, मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. माझ्या जिलेबीच्या कढईवर सकाळी बोटानं नाव लिहिता येतं. साहेब यायचे त्या दिवशी हिरवी जाळी आणि पाण्याचा फवारा. ते गेले की जाळी गुंडाळून ट्रॉलीत. वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून मिरवतो आपण, आणि मलबा तिथेच ढिगात.

साइटवरचा:
धुळीचं मान्य. जाळी पूर्णवेळ लागायला हवी, तिचा खर्चही फार नसतो.

चाचणीच्या खड्ड्यांची खरी गोष्ट सांगू? बऱ्याच टेंडरांत त्याचा आयटमच नसतो. बिल निघतं काँक्रीटच्या मापावर. पाण्याचा ठेकेदार वेगळा, केबलवाला वेगळा. एकाचं काम दुसऱ्याच्या वेळापत्रकात नाही. तुमच्या नळासाठी थांबलो तर दंड मला. तरी माझं मत तेच, लाइन सापडेपर्यंत रस्ता अडवून ठेवणं परवडत नाही.

निंबोणी:
म्हणजे आयटम टाकला की झालं! यावर भांडू या ना, वाट कसली बघायची.

रामबागची:
तोवर मी काय करते ते सांगते. सासूबाईंना आठवतं, आमची लाइन जुन्या ओट्याच्या कोपऱ्यापासून दोन हात. तिथे आज सकाळी चुन्यानं पट्टा ओढला आणि जेसीबीवाल्याला दाखवला. उद्या नळाचा दिवस आहे हेही सांगितलं. तो म्हणाला, "भाभीजी, अच्छी रंगोली बनाई है."