मदत हवी आहे: सिकलसेल असलेल्या मुलांची शाळेत काळजी

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे दोन विद्यार्थी आहेत. अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा फार दमछाक झाली की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणून दोघांच्या बाटल्या माझ्या टेबलावर ठेवून मी त्यांना थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजते. लघवीला जाताना त्यांनी परवानगी मागायची नाही, हेही ठरवून दिले आहे.

अडचण हिवाळ्यात येते. परिपाठाच्या वेळी धाकटा खांबाला टेकून पोटऱ्या चोळत उभा असतो आणि विचारले तर ‘काई नाई दुखत मॅडम’ म्हणतो, कारण दुखते म्हटले की कबड्डी बंद होईल, ही त्याची भीती. ती अगदीच खोटी नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झाले, गावात तपासणीही झाली. वर्गात काय करावे याचा लेखी कागद मात्र माझ्या हाती नाही. अशी मुले ज्यांच्या वर्गात आहेत, त्यांनी कृपया सांगावे: खेळाला किती मुभा देता? वेदनाशामक गोळीसाठी पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरांची चिठ्ठी कोणत्या स्वरूपात घेता? ताप, छातीत दुखणे किंवा धाप दिसताच १०८ला फोन करायचा, हे ठाऊक आहे. पण पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद झाल्यास तुम्ही कोणती पर्यायी व्यवस्था आधीच करून ठेवता?