मुंबई-लंडन विमानप्रवासाचे खरे तास किती धरायचे? मदत हवी आहे

आई-बाबा नोव्हेंबरात ताईकडे लंडनला निघालेत, परत येणार एप्रिलमध्ये. दोघंच आहेत, विमान थेट आहे. बाबांना सकाळ-रात्र इन्सुलिन असतं. डॉक्टर म्हणाले, प्रवासाचे नेमके तास लिहून आणा, मग डोस कसा पुढेमागे करायचा ते ठरवू. तिथेच गाडी अडलीय.

अंतर दाखवणाऱ्या साइटवर मुंबई ते हीथ्रो सुमारे ७२०० किमी आणि ८ तास दिसतात. तिकिटावर मुंबईहून रात्री २ ला सुटून सकाळी ६.३० ला हीथ्रो. साडेपाच तासांचा फरक धरला की होतात १० तास. येताना सकाळी ९.३० ला निघून रात्री १०.४५ ला मुंबई, म्हणजे पावणेआठच! अंतर तेच, मग सव्वादोन तास गेले कुठे? एजंटला विचारलं तर "तिकिटावर आहे तेच" एवढंच उत्तर. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

जातानाचे १० बरोबर. येतानाचे पावणेनऊ धरा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे करतात, त्यामुळे एप्रिलमध्ये फरक साडेचार तासांचाच असतो.

उरलेला सव्वा तास मुख्यतः वाऱ्याचा. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. जाताना ते समोरून, येताना पाठीमागून.

साइटवरचे ८ तास सोडून द्या. ७२०० ला ताशी ९०० ने भागलंय, बस्स. ती नकाशावरची सर्वांत जवळची रेघ आहे आणि ती जाते पाकिस्तान आणि युक्रेनवरून. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना हद्द बंद केल्यावर त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही धरलेलं असतं.

प्रतिसाद २

डॉक्टरांना नुसते तास देऊ नका, भारतीय वेळेत लिहून द्या: रात्री २ ला उड्डाण, दुपारी १२ ला लंडन. म्हणजे सकाळचा डोस विमानातच येतोय हे त्यांना लगेच दिसेल. उतरेपर्यंत बाबांचं मनगटी घड्याळ बदलू नका, मोबाइल आपोआप बदलतो आणि गोंधळ होतो.

जेवण कधी येईल याचा विमानात नेम नसतो. जेवणाआधीचं इन्सुलिन ट्रे समोर आल्यावरच घेतलं तर चालेल का, तेही विचारून ठेवा. आणि इन्सुलिन केबिन बॅगेतच, प्रिस्क्रिप्शनसकट. चेक-इन बॅगेत ते गोठू शकतं.