मदत हवी आहे : गर्भाशयाच्या टीबीसाठी एकेटी सुरू करावी का, आणि घरात सांगावे का?

अबोली_नाशिक

सोमवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचे आहे, म्हणून घाईने लिहीत आहे. माझ्या गर्भाशयाच्या आतील आवरणाचा नमुना तपासणीसाठी दिला होता. त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला असून डॉक्टरांनी सहा महिन्यांची एकेटी (टीबीची औषधे) सुरू करण्यास सांगितले आहे. दुसरे मत घेतले, तर त्या डॉक्टर म्हणाल्या की एवढा वेळ घालवू नका, थेट आयव्हीएफकडे (टेस्ट ट्यूब बेबीकडे) वळा. दोघींपैकी कोणाचे ऐकावे, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न घरचा आहे. सासू-सासरे, दीर-जाऊ आणि त्यांचा लहान मुलगा असे आम्ही एकत्र राहतो. टीबी हा शब्द घरात उच्चारला गेला की माझे ताट-वाटी वेगळे होईल आणि पुतण्याला माझ्या खोलीत येऊ देणार नाहीत, याबद्दल मला शंका नाही. गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या आहेत आणि त्या वेळी स्वयंपाकघरात सासूबाई असतात. त्या गोळ्यांनी लघवीचा रंग केशरी होतो असे वाचले, आणि आमच्याकडे शौचालय एकच आहे. पतींना सर्व ठाऊक आहे. कॅल्शियमच्या गोळ्या आहेत असे सांगू, असे त्यांचे म्हणणे आहे. सहा महिने हे निभावेल का? कृपया "सर्व ठीक होईल" असे प्रतिसाद देऊ नयेत. प्रत्यक्ष अनुभव असेल तरच लिहावे.

तुरटी

अहवाल पॉझिटिव्ह म्हणजे नेमका कोणता? पीसीआर (जंतूच्या डीएनएची तपासणी), कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून पाहणे), सीबीनॅट (यंत्रावरची जलद डीएनए तपासणी) की बायोप्सीतील पेशींची तपासणी? या चारही गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. त्याशिवाय तुमचे वय, पाळीचे स्वरूप, नळ्यांची तपासणी झाली आहे का, छातीचा एक्स-रे काढला आहे का आणि पतींची तपासणी झाली आहे का, यांपैकी काहीही तुम्ही लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर जो कोणी ठाम सल्ला देईल, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

सह्यवाटा

आम्ही या प्रसंगातून गेलो आहोत, म्हणून स्पष्ट लिहितो. माझ्या पत्नीलाही हीच एकेटी दिली होती. सहा महिने तिला मळमळ, अशक्तपणा आणि सांधेदुखी सहन करावी लागली आणि शेवटी आयव्हीएफच करावे लागले, कारण औषधाने बंद नळ्या उघडत नाहीत. जे शेवटी करायचे आहे ते आधीच का करू नये? वय हातातून जाते, आणि पुण्या-मुंबईची चांगली केंद्रे हेच सांगतात.

तुरटी

सह्यवाटा, बंद नळ्या औषधाने उघडत नाहीत हे तुमचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. संसर्ग खरोखर असेल आणि तो नळ्यांतून गर्भाशयाच्या आवरणापर्यंत पोचला असेल, तर त्या आवरणावर गर्भ रुजणेच अवघड होते. तेव्हा आयव्हीएफचा पैसा आणि इंजेक्शने दोन्ही वाया जातात. नळीत पाणी साचले असेल तर ती नळी काढून किंवा बंद करून मगच गर्भ सोडावा, असे सांगितले जाते. तुमच्या पत्नीचे आयव्हीएफ एकेटी पूर्ण झाल्यानंतर झाले, ही गोष्ट तुम्हीच लिहिली आहे.

अबोली_नाशिक

वय २९. पाळी नियमित आहे, फक्त रक्तस्राव पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे. लग्नाला चौथे वर्ष सुरू आहे. अहवाल पीसीआरचा आहे. नळ्यांत औषध सोडून पाहण्याची एचएसजी तपासणी झाली आहे. उजवी नळी बंद दिसते आणि डावीतून औषध उशिरा उतरले. छातीचा एक्स-रे अजून काढलेला नाही. पतींचा अहवाल चांगला आहे. आता उत्तर मिळेल का?

काचपट्टी

मी प्रयोगशाळेत काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराविषयी बोलणार नाही, मात्र नमुन्याविषयी बोलेन, कारण रुग्णांना ही बाजू कोणी समजावून सांगत नाही. पीसीआरमध्ये जंतूच्या डीएनएचा अंश सापडतो. तो जंतू जिवंत आहे की मेलेला, हे ती तपासणी सांगू शकत नाही, आणि प्रयोगशाळेत थोडीशी मिसळ झाली तरी ती चुकीने पॉझिटिव्ह येऊ शकते. फुप्फुसाबाहेरच्या क्षयरोगाविषयी २०१६ साली भारतात जी इंडेक्स-टीबी मार्गदर्शक तत्त्वे काढण्यात आली, त्यांचाही सूर असाच आहे की केवळ पीसीआरच्या आधारावर जननमार्गाच्या क्षयरोगाचे निदान पक्के करू नये. त्याला कल्चरची, बायोप्सीत दिसणाऱ्या क्षयाच्या गाठींची किंवा पोटात दुर्बीण घालून दिसणाऱ्या खुणांची जोड हवी.

आता महत्त्वाचे. तुमचा नमुना कोणत्या बाटलीत पाठवला होता? कल्चरसाठी तो साध्या सलाइनमध्येच जावा लागतो. फॉर्मेलिनमध्ये टाकला की जंतू मरतात आणि कल्चर निरर्थक ठरते. बायोप्सीसाठीचा तुकडा मात्र फॉर्मेलिनमध्येच हवा. म्हणजे दोन बाटल्या गेल्या असतील, तर आणखी दोन अहवाल यायचे बाकी असू शकतात. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, म्हणून पीसीआर नेहमी आधी हातात पडते आणि सगळी घाई तिथूनच सुरू होते.

गुळवेल

या सर्व तपासण्यांच्या चक्रात पडण्यापेक्षा एखाद्या जाणकार वैद्यांकडून पंचकर्म आणि विशेषतः उत्तरबस्ती (गर्भाशयात औषधी तेल-तूप सोडणे) करून घ्यावी, असे मी सुचवेन. माझ्या मामेबहिणीच्या बंद नळ्या उत्तरबस्तीने मोकळ्या झाल्या. तिला आज दोन मुले आहेत. एकेटीच्या गोळ्या यकृतावर भार टाकतात, ही गोष्ट डॉक्टरही नाकारत नाहीत.

तुरटी

यकृतावर भार पडतो म्हणूनच एकेटी सुरू करण्यापूर्वी आणि सुरू असताना यकृताची तपासणी करतात. उलट्या थांबत नसतील किंवा डोळे पिवळे दिसू लागले तर गोळ्या थांबवून लगेच दाखवायला सांगतात, आणि एकेटीतील इथॅम्ब्युटॉल या औषधामुळे नजरेवर किंवा रंग ओळखण्यावर परिणाम होतो आहे का, तेही पाहतात. परंतु ज्या गर्भाशयात क्षयाच्या संसर्गाची शंका आहे, त्यात तेल किंवा तूप सोडण्याचा सल्ला एका अनोळखी स्त्रीला देणे मला धोकादायक वाटते. संसर्गाचा निकाल लागल्याशिवाय कोणताही जबाबदार वैद्य उत्तरबस्ती करणार नाही. मामेबहिणीला क्षय होता का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

गुळवेल

नव्हता. परंतु तत्त्व तेच आहे.

मंजिरीकाकू

अबोली, मी तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरी लिहिते. माझ्या सुनेची एकेटी आमच्या घरात पूर्ण झाली आहे. वैद्यकीय वाद इतरांवर सोडते आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण त्याला अजून कोणी हातही लावलेला नाही.

कॅल्शियमची थाप चालणार नाही. कॅल्शियम जेवणानंतर घेतात, हे प्रत्येक सासूला माहीत असते, कारण ती स्वतः ते घेत असते. उपाशीपोटी घ्यायची, घेतल्यावर काही वेळ चहासुद्धा न घेता थांबायचे, आणि रोज न चुकता घ्यायची, असे औषध घराघरांत एकच असते, ते म्हणजे थायरॉईडची गोळी. सांगायचेच झाले तर ते सांग. मात्र थायरॉईडची गोळी एवढीशी असते आणि एकेटीच्या मात्र आपल्या वजनानुसार तीन-चार मोठ्या तांबूस गोळ्या एकदम घ्याव्या लागतात, त्यामुळे त्या आपल्या खोलीत घे आणि पाण्याचा तांब्या रात्रीच भरून ठेव. लघवीचा रंग त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे बदलतो आणि तो निरुपद्रवी असतो. घाम आणि अश्रूसुद्धा थोडे केशरी होतात, तेव्हा पांढरी ओढणी आणि डोळ्यांतील लेन्स सांभाळ. शौचालयात पाणी भरपूर टाकले की कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे जे लक्षात आले ते रंगामुळे नव्हे, तर पहिल्या दोन महिन्यांत सुनेचे अन्नावरचे मन उडाले त्यामुळे. मला वाटले, गोड बातमी आहे. मी चार बायकांना सांगूनही आले. त्यानंतर तिला सगळे बोलावेच लागले, आणि ती जे बोलली ते ऐकताना माझी जी अवस्था झाली ती इथे लिहीत नाही. तुझ्या घरीही मळमळीचा हाच अर्थ लावला जाईल, याचा विचार आधी कर.

आणि छातीचा एक्स-रे काढून घे. फुप्फुसात काही नसेल तर हा आजार खोकल्यातून, ताटातून किंवा मुलाला मांडीवर घेतल्याने पसरत नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घेता येते. तो कागद जवळ असला की सांगणे सोपे जाते.

पाटीलवाडा

लपवाछपवी मला पटत नाही. घरात लहान मूल आहे आणि त्याच्या आई-वडिलांना माहिती मिळण्याचा हक्क आहे. थायरॉईडची थाप शिकवणे हे वडीलधाऱ्या व्यक्तीला शोभत नाही.

मंजिरीकाकू

ज्या आजारापासून मुलाला धोका नाही, त्याची माहिती मिळण्याचा हक्क कोणाला आणि कशासाठी? एक्स-रे स्वच्छ नसेल तर सर्वांना सांगितलेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. तो स्वच्छ असेल तर गर्भाशय तिचे आहे. मूल होत नाही म्हणून ओटी भरण्याच्या वेळी जिला मागे बसवतात, तिने आणखी एक कारण स्वतःहून नेऊन द्यावे, अशी अपेक्षा वाड्यात बसून करणे सोपे आहे.

पाटीलवाडा

आमच्या घरात कोणालाही मागे बसवत नाहीत. वैयक्तिक टीका टाळावी.

लेस्टरकर

मी थोडा वेगळा विचार मांडू इच्छितो. आम्ही अनेक वर्षे उपचारांत घालवल्यानंतर दत्तक घेण्याचा निर्णय घेतला आणि तो आमच्या आयुष्यातील सर्वांत योग्य निर्णय ठरला. भारतात ही प्रक्रिया कारा या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावरील नोंदणीतून होते. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात आणि मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. प्रतीक्षा मोठी असते, म्हणून उपचार सुरू असतानाच नोंदणी करून ठेवणे शहाणपणाचे आहे. ज्यांना दात्याचे बीज घ्यायचे असेल त्यांनी २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा वाचावा. त्यानुसार बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वयोगटातील असावी लागते आणि तिला आयुष्यात एकदाच बीज देता येते.

अबोली_नाशिक

लेस्टरकर, आपला हेतू चांगला आहे, परंतु दत्तक किंवा दात्याविषयी मी काहीही विचारलेले नाही आणि आज त्यावर विचार करण्याची माझी मनःस्थितीही नाही.

काचपट्टी, आपल्या सांगण्यावरून प्रयोगशाळेत दूरध्वनी केला. बाटल्या दोन गेल्या होत्या. कल्चर लावलेले आहे आणि त्याचा अहवाल यायचा आहे. बायोप्सीचा अहवाल तयार होऊन पडला होता, तो कोणी पाठवलाच नव्हता. त्यात क्षयरोगाच्या गाठी दिसल्या नाहीत, असे लिहिले आहे. म्हणजे मला टीबी नाही असे समजावे का?

मंजिरीकाकू, आपले वाचून बराच वेळ काही सुचले नाही. आणखी एक विचारायचे आहे. एकेटी सुरू झाली की सरकारी नोंद होते आणि आशाताई घरी येतात, असे शेजारच्या एकांकडून ऐकले. हे खरे असेल तर लपवण्याचा प्रश्नच उरत नाही.

काचपट्टी

नाही, तसे समजू नये. आवरण दर महिन्याला पाळीबरोबर गळून पडते, त्यामुळे नमुन्यात गाठी न सापडणे म्हणजे नळ्यांमध्ये आजार नाही असे नव्हे. हा आजार बहुधा नळ्यांपासूनच सुरू होतो. तुमचा रक्तस्राव कमी झाला आहे आणि नळ्यांवर परिणाम दिसतो आहे, तेव्हा शंका निराधारही नाही. कल्चर येईपर्यंत थांबायचे की दुर्बिणीची तपासणी करायची, हे डॉक्टरांनाच विचारावे.

तुरटी

एक प्रश्न राहिला. पतींचा अहवाल "चांगला आहे" हे कोणी सांगितले? आकडे लिहाल का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा दर मिलिलीटरला १६ दशलक्ष शुक्राणू आणि पुढे सरकणारे ३० टक्के, अशी आहे.

अबोली_नाशिक

त्यांनीच सांगितले होते. आत्ता फाइलमधून काढून पाहिले. संख्या ११ दशलक्ष, पुढे सरकणारे १८ टक्के. खाली "तपासणी पुन्हा करावी" असे छापलेले आहे. अहवाल गेल्या दिवाळीच्या आधीचा आहे.

सह्यवाटा

म्हणजे शेवटी आयव्हीएफच, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

तुरटी

एका अहवालावरून काहीही ठरत नाही. शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात, ताप किंवा आजारपणानेही आकडे घसरतात, म्हणूनच पुन्हा तपासायला सांगतात. ते आता व्हायला हवे आणि सोमवारी तो जुना अहवालही टेबलावर असायला हवा, कारण दोन्ही डॉक्टरांनी तो बहुधा पाहिलेलाच नाही.

क्षयमित्र_जळगाव

मी राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात काम करते. नोंदीविषयी ऐकलेले खरे आहे. २०१२ पासून क्षयरोगाची नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे आणि ती निक्षय या प्रणालीत होते. औषधे विनामूल्य मिळू शकतात, आणि उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपयांच्या हिशेबाने पैसे बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. खाते एकत्र असेल किंवा संदेश सासऱ्यांच्या मोबाइलवर जात असतील, तर त्याचा विचार आधी करावा.

घरभेटीविषयी माझ्या अनुभवातून सांगते. नोंद करताना स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा आणि घरी न येता दूरध्वनीवर बोलावे, अशी विनंती क्षयरोग पर्यवेक्षकांना आधीच करावी. मी स्वतः अनेक स्त्रियांना दवाखान्यात किंवा त्यांच्या कामाच्या ठिकाणी भेटले आहे. प्रत्येक ठिकाणी हे जमेलच असे वचन मी देऊ शकत नाही. १८००-११-६६६६ या निक्षय मदतवाहिनीवरही विचारता येते. उपचाराच्या काळात गर्भधारणा लांबवण्यास सांगितले, तर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, कारण रिफॅम्पिसिन त्यांचा परिणाम कमी करते.

अबोली_नाशिक

सर्वांचे आभार. सोमवारी पती बरोबर येणार आहेत. त्यांनी आधी कामाचे कारण सांगितले होते, आता रजा टाकली आहे. कल्चर येईपर्यंत थांबता येईल का, दुर्बिणीची तपासणी हवी का आणि त्यांची तपासणी कुठे करावी, हे तीनच प्रश्न लिहून नेत आहे. एक्स-रे उद्याच काढणार आहोत. सासूबाईंना काय सांगायचे ते तो हातात आल्यावर ठरवू. तोपर्यंत गुळवेल यांनी मला व्यक्तिगत संदेश पाठवू नयेत, ही विनंती.